उशी की शिट्टी

तक्रार कक्षात ती सात नंबर होती. सकाळी आठला हेडफोन डोक्यावर चढवायचा आणि दुपारी चारला उतरवायचा. शहराच्या पाण्याबद्दल ज्याला ज्याला काही म्हणायचं असे, तो तिच्या कानात येऊन म्हणायचा. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ, गढूळ नसेल तर धार करंगळीएवढी. माणसं चिडलेली असत, आणि चिडण्यात त्यांची फारशी चूकही नसे. नियम असा होता की आपण होऊन फोन ठेवायचा नाही. समोरच्याचं बोलून संपेपर्यंत ऐकायचं आणि मग म्हणायचं, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." चौदा वर्षं ती हे वाक्य म्हणत होती. एकदा तापात बरळतानाही तिनं तेच म्हटल्याचं नवऱ्यानं हसत हसत सगळ्यांना सांगितलं होतं.

घरी पोचल्यावर पहिला तासभर तिला कुणाचाही आवाज नकोसा व्हायचा. घराला हे माहीत नव्हतं, कारण तिनं ते कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

घरात चार माणसं. नवरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. बोलका, कामसू, आणि शब्द देऊन बसण्यात पटाईत. मुलगी दहा वर्षांची. शाळेत तिचं नाव काहीही असो, घरात ती बिट्टी. आणि सासरे. ते शिंपी होते. चाळीस वर्षं त्यांनी पँटी बेतल्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. नऊ महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी झाली आणि त्यांचा उजवा हात गेला, आणि वाचाही गेली. सगळी नाही गेली. एक शब्द राहिला: "चालेल."

आयुष्यभर गिऱ्हाइकांना तेच म्हणत आल्यामुळे बहुधा तो शब्द कुठेतरी खोल जाऊन बसला होता. मास्तर, मऊ भात देऊ? चालेल. पंखा लावू? चालेल. टीव्हीसमोर बसता का? चालेल. पहिले काही दिवस घरच्यांना रडू यायचं, मग सवय झाली, आणि मग, कुणी मुद्दाम असं ठरवलं नव्हतं पण, त्यांना विचारणं सोपं होऊन गेलं. मास्तरांचा होकार घरात कायमचा ठेवलेलाच होता.

मांजर आणायचं हे नवऱ्यानं बिट्टीला परस्पर कबूल करून टाकलेलं. आजोबा दवाखान्यातून घरी आले की आणू, असं तो म्हणाला होता, आणि बिट्टीनं ते वहीत तारखेसकट लिहून ठेवलं होतं. नऊ महिने झाले तरी मांजर आलं नाही तेव्हा तिनं ती वही जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवली. 

योगायोगानं त्याच आठवड्यात तिच्या शाळेतल्या निवृत्त भूगोलाच्या बाईंचा निरोप आला. बाई वृद्धांच्या निवासात राहायला निघाल्या होत्या आणि तिथं जनावरं चालत नव्हती. त्यांच्याकडे दोन मांजरी होत्या, दोघीही चार वर्षांच्या, एक रॅगडॉल जातीची आणि एक सयामी. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं एक घ्यायचं कबूल केलं होतं, आणि तुम्ही जी सोडाल ती मी नेईन, असंही तो म्हणाला होता. दोघींना एकाच घरी देऊ नका, असं बाईच सांगत होत्या. चार वर्षं एकीनं स्वयंपाकघरात जेवायचं आणि दुसरीनं बाहेरच्या खोलीत, असा त्यांच्याकडे तह होता, आणि तो मोडला की रक्त निघायचं.

रविवारी दुपारी सगळे बाईंकडे गेले. मास्तरांनाही नेलं, तीन जिने उतरायला वीस मिनिटं लागली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि या विनोदावर आता कुणी हसतही नव्हतं.

बाईंचं सामान अर्धं बांधून झालं होतं. खोक्यांवर आतल्या वस्तूंची नावं सुंदर अक्षरात लिहिलेली होती. दोन्ही मांजरी दुरून बहिणी वाटाव्यात अशा होत्या, निळे डोळे, साईच्या रंगाचं अंग, कान आणि शेपटी काळपट. फक्त एकीला कुणीतरी हवा भरून फुगवलं होतं आणि दुसरीला पिळून वाळत घातलं होतं. फुगलेली ती रॅगडॉल, तिचं नाव उशी. पिळलेली ती सयामी, तिचं नाव शिट्टी. नावं ठेवताना फार डोकं चालवावं लागलं नाही, असं बाई म्हणाल्या.

बिट्टीनं उशीला उचललं आणि उशी तिच्या हातात सैल पडली, मान एकीकडे, पाय एकीकडे, जणू आत हाडंच नाहीत. बिट्टी घाबरली. ही जातच अशी, बाईंनी समजावलं. उचललं की ती सगळा भार आपल्यावर टाकून मोकळी होते. प्रेमळ दोघीही तेवढ्याच, पण प्रेम करायची तऱ्हा वेगळी. उशी तुमच्याजवळ येऊन पडून राहील. शिट्टी तुमच्याशी बोलेल. तेवढ्यात शिट्टी बोललीच. तान्ह्या मुलानं पोट दुखल्यावर काढावा तसला लांब आवाज होता तो, आणि शेवटाला प्रश्न विचारल्यासारखा वर गेलेला. सात नंबरच्या खांद्यांमधून एक कळ गेली.

बाईंनी एक तोड काढली. एक आठवडा ही न्या, एक आठवडा ती न्या, मग सांगा. निवासातली खोली अजून रंगवून व्हायची होती, तेवढा वेळ हातात होता.

परतताना बिट्टीनं वहीत दोन रकाने आखले. उशीच्या खाली लिहिलं: मऊ. जड. केस गळतात. रोज विंचरावं लागतं. ओरडत नाही. शिट्टीच्या खाली लिहिलं: हुशार. केस कमी. बोलते. "बोलते"च्या खाली तिनं तीन रेघा ओढल्या.

पहिली उशी आली, वेताच्या पेटाऱ्यातून. त्याच्या झाकणाला चामड्याचा पट्टा आणि पितळी बक्कल होतं. पेटारा उघडल्यावर ती बाहेर आली, घरभर एक चक्कर मारली आणि मास्तरांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर आडवी झाली. तो तिचा पहिल्या दिवसाचा सगळा कार्यक्रम.

सोमवारी सात नंबर कामावरून आली, चपला काढल्या आणि नेहमीप्रमाणे दोन मिनिटं बसावं म्हणून खुर्चीत टेकली. उशी उठली, चार पावलं चालली, मांडीवर चढली आणि पसरली. पाच-साडेपाच किलोचं ऊबदार वजन. तिच्याकडे उशीनं वर पाहिलंही नाही. तिला काही नको होतं, ना खाणं, ना कुरवाळणं, ना उत्तर. सात नंबरनं हात तिच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पाऊण तास झाला होता, आणि बिट्टी दाराशी उभी राहून वडलांना ओठांवर बोट ठेवून दाखवत होती.

मंगळवारी तसंच झालं, बुधवारीही. मांडीवर मांजर असलेल्या माणसाला कुणी उठवत नाही, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. गुरुवारी दुपारी एका माणसानं तिला अर्धा तास फैलावर घेतलं, टाकीत मेलेलं कबूतर सापडलं म्हणून, आणि ऐकता ऐकता तिला जाणवलं की आपण उशीच्या वजनाची वाट बघतोय.

बिट्टीही खूश होती. ती उशीला खांद्यावर टाकून फिरायची, विंचरायची, निघालेल्या केसांचा गोळा करून ठेवायची. मास्तर नुसते बघायचे. कधी डावा हात खाली सोडायचे आणि तो उशीच्या पाठीला लागेल तिथं थांबायचा. आठवड्यातून एकदा वाचाउपचार करणारी ताई यायची. तरुण होती, उत्साही होती, चित्रांचे पत्ते घेऊन यायची. कप, किल्ली, छत्री. तिनं उशीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? मास्तर म्हणाले, "चालेल."

दुसऱ्या रविवारी बाई शिट्टीला घेऊन आल्या आणि उशीला घेऊन गेल्या.

शिट्टी पेटाऱ्यातून बाहेर आली ती बोलतच. पंखा का फिरतो, खिडकी का बंद आहे, हा माणूस लंगडत का चालतो, ताटात काय आहे, आणि मला का नाही. तिला खरोखरच माणसांची ओढ होती. ज्या खोलीत कुणी असेल तिथं ती जायची, डोळ्याला डोळा भिडवायची आणि विचारायची. उत्तर मिळालं नाही की पुन्हा विचारायची. नवऱ्याला ती भारी आवडली. तो तिला उलट उत्तरं द्यायचा आणि दोघांचं बराच वेळ चालायचं. सात नंबर घरी आली की शिट्टी दारापासून मोरीपर्यंत तिच्या पायात पायात यायची आणि दिवसभराच्या सगळ्या तक्रारी सांगायची. सात नंबर मोरीचं दार लावून आत बादलीवर बसून राही. दाराखालून एक काळा पंजा आत यायचा.

सगळ्यात जास्त वेळ शिट्टी मास्तरांजवळ असे, कारण दिवसभर घरात तेच असत. शेजारच्या काकू दुपारी येऊन जेवण वाढून जायच्या, बाकी वेळ ते दोघंच. मास्तर खुर्चीत, शिट्टी समोरच्या स्टुलावर.

बुधवारी संध्याकाळी ते घडलं. बिट्टी गृहपाठ करत होती, सात नंबर भात टाकत होती, शिट्टी नेहमीप्रमाणे बोलत होती. आणि मास्तर म्हणाले, "गप."

स्पष्ट म्हणाले, थोडं घोगरं, पण स्पष्ट. बिट्टीची पेन्सिल थांबली. शिट्टीनं पुन्हा तोंड उघडलं, आणि मास्तर पुन्हा म्हणाले, "गप."

मग घरात जे झालं ते व्हायलाच हवं होतं. बिट्टी आजोबांच्या गळ्यात पडली. नवरा कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर मोटारीचं काम करत होता, त्याला फोन गेला आणि तो तिथंच रडला. ताईला फोन गेला, आणि ताई तर वार नसताना दुसऱ्या दिवशी आली. तिनं समजावलं की वाचा परतताना रागाचे, ओरडायचे शब्द आधी येतात, ते मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात. मांजर त्यांना बोलायला भाग पाडतं आहे, हे कुठल्याही औषधापेक्षा मोठं आहे. या मांजराला सोडू नका, ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

बिट्टीनं त्या दिवशी वहीतला उशीचा रकाना पट्टी घेऊन सरळ रेघेत खोडला. खोडताना तिचं नाक लाल झालं होतं, पण ती म्हणाली की तिला काही वाटत नाहीये. नवरा बायकोला म्हणाला, "शेवटी ठरव तूच. सांभाळायचं तुलाच आहे." हे तो अगदी चांगल्या मनानं म्हणाला. पण ठरवण्यासारखं काय उरलं होतं? सासऱ्यांची वाचा एका पारड्यात आणि दुसऱ्यात संध्याकाळची पाऊण तास झोप. असली गोष्ट कोण बोलून दाखवेल. ती म्हणाली, "शिट्टीला ठेवू या." म्हणताना तिला वाटलं, आपलाही आवाज सासऱ्यांच्या त्या एका शब्दासारखाच निघाला.

शुक्रवारी सकाळपासून शहराच्या एका भागात पाणी नव्हतं. मोठी वाहिनी फुटली होती. अकरापर्यंत तिनं सत्तर फोन घेतले. साडेबाराच्या सुमारास एका बाईचा आला. बाई ओरडत नव्हती, फक्त थांबत नव्हती. वाक्य संपत आलं की वर जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. सात नंबरनं "आपली तक्रार" एवढं म्हटलं आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. ती वाट बघत राहिली. समोरची बाई बोलत राहिली. मग तिनं बटण दाबून फोन बंद केला.

चौदा वर्षांत पहिल्यांदा. बोर्डावरचा दिवा विझला आणि ती त्याच्याकडे बघत बसली. पर्यवेक्षक आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी लेखी खुलासा मागितला, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, खुलासा सोमवारी द्या, आता घरी जा.

दीड वाजता ती जिना चढली तेव्हा दुसऱ्या मजल्यापासूनच शिट्टीचा आवाज ऐकू येत होता. काकू जेवण वाढून गेल्या होत्या. तिनं कुलूप काढलं.

मास्तर खुर्चीत होते. स्टूल रिकामं होतं, कारण शिट्टी आता खुर्चीच्या हातावर चढली होती आणि त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून बोलत होती. मास्तरांनी डाव्या हाताच्या तळव्यानं डावा कान गच्च दाबून धरला होता. उजवा कान उघडा होता. उजवा हात मांडीवर पडला होता, तो तिथवर पोचत नव्हता. त्यांनी उजवा कान खुर्चीच्या पाठीवर दाबायचा प्रयत्न केला असावा, कारण मान वाकडी झाली होती आणि डोळे मिटलेले होते. "गप," ते म्हणत होते. "गप. गप." त्या म्हणण्यात काहीही नवीन येत नव्हतं. ते वाचा परत येणं नव्हतं. तो फक्त गांजलेला माणूस होता.

सात नंबरनं पिशवी खाली ठेवली, शिट्टीला उचलून स्वयंपाकघरात सोडलं आणि दार ओढलं. आवाज दारापलीकडून चालूच राहिला. मग ती खुर्चीजवळ आली आणि तिनं सासऱ्यांच्या उजव्या कानावर आपला हात ठेवला.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्यांना आंघोळ घालताना, कपडे बदलताना तिनं नऊ महिने त्यांना हजारदा हात लावला होता. हा हात वेगळा होता, हे दोघांनाही कळलं. मास्तरांनी डोळे उघडले.

काय विचारावं ते तिला आधी सुचेना. शिट्टीला ठेवू या का, असं विचारलं तर काय उत्तर येणार हे ठाऊक होतं. मग तिच्या लक्षात आलं, नऊ महिन्यांत या माणसाला कुणी असा एकही प्रश्न विचारलेला नाही, ज्याला "चालेल" हे उत्तर होऊ शकत नव्हतं. तिनं कानावरचा हात थोडा सैल केला आणि म्हणाली, "बाबा, मला ही नको आहे. तुम्हाला?"

मास्तरांचे ओठ हलले. आधी नुसती हवा आली. मग जीभ टाळ्याला लागली आणि तिथंच अडकली. घाम फुटला. ती थांबली. समोरच्याचं बोलून होईपर्यंत थांबणं हे तिला जगात सगळ्यात चांगलं येत होतं.

"न," मास्तर म्हणाले. "न. नको."

ती खाली जमिनीवर बसली. 

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तिला वाटलं होतं तो आनंदानं उडी मारेल, आणखी एक शब्द आला म्हणून.  पण तो म्हणाला, "तुला उशीच हवी होती ना. मला माहीत आहे. त्या सोमवारी झोपली होतीस तेव्हाच कळलं होतं मला." तो आवाज चढवून बोलला नाही, म्हणून ते जास्त लागलं. ती म्हणाली की बाबांनी स्वतः सांगितलंय. तेव्हा त्यानं तिच्यादेखत वडलांसमोर बसून विचारलं, "बाबा, शिट्टीला ठेवू या ना?"

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक धडपड दिसली, जिन्यात तोल जाताना माणूस कठड्यासाठी हात मारतो तशी. आणि हाताला लागला तो जुनाच शब्द. "चालेल," ते म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनी मान फिरवली.

  भांडायला जे लागतं ते तिच्यात शिल्लक नव्हतं. शनिवारभर दोघं एकमेकांशी मीठ दे, चावी कुठाय, एवढंच बोलले. शिट्टी मात्र सगळ्यांशी बोलली.

रविवारी बाई आल्या. त्यांच्या पेटाऱ्यात उशी होती. निर्णय काहीही होवो, एकीला इथं ठेवून दुसरीला औषधवाल्याकडे पोचवायचं आणि तसंच पुढे निवासात जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पेटारा मास्तरांच्या पायाशी ठेवला आणि बाईंनी बक्कल काढलं. उशी बाहेर आली आणि सरळ पलंगाखाली गेली. शिट्टी कपाटावर चढून फिस्कारली. थोडा वेळ धावपळ झाली, मग नवऱ्यानं शिट्टीला खाली उतरवलं, आणि ती सवयीनं मास्तरांच्या मांडीवर जाऊन बसली आणि बोलू लागली.

नवरा बाईंना म्हणाला की आम्ही शिट्टीला ठेवतोय, वडलांसाठी. बिट्टी पलंगाखाली वाकून उशीशी बोलत होती, निरोपाचंच काहीतरी. सात नंबर भिंतीला टेकून उभी होती.

मास्तरांनी डावा हात शिट्टीच्या पोटाखाली घातला. सगळ्यांना वाटलं, कुरवाळताहेत. त्यांनी तिला उचललं. एका हातानं, हळूहळू, कमरेतून वाकत वाकत, ती लांब मांजर खाली नेली आणि पेटाऱ्यात ठेवली. शिट्टीला इतकं आश्चर्य वाटलं की ती गप्प बसली. मास्तरांनी झाकण लावलं आणि त्यावर पाऊल ठेवलं. मग पट्टा हातात घेतला.

नवरा पुढे झाला तेव्हा सात नंबर म्हणाली, "थांब."

डाव्या हातानं बक्कल लावणं सोपं नसतं. आजारापासून मास्तरांनी शर्टाचं बटणही लावलं नव्हतं. पट्टा बक्कलात जाईना, गेला तर ओढता येईना. त्यांनी तो दातात धरला. पितळी काटा भोकापाशी यायचा आणि निसटायचा. पण ती बोटं चाळीस वर्षं काज आणि बटणांत गेलेली होती, आणि बोटांना सगळं आठवत असावं, कारण एका क्षणी त्यांनी घाई करायची सोडली, अंगठ्यानं चामडं जरा मुडपलं, आणि काटा आत गेला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाई हातात पर्स धरून उभ्या होत्या. त्या शिक्षिका होत्या, त्यांनाही थांबता येत होतं.

मास्तर सरळ झाले. मुलाकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले.

नवरा खाली बसला, पेटाऱ्याशेजारीच. थोड्या वेळानं त्यानं बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी त्यांना नऊ महिने चुकीचं विचारतोय." मग आणखी थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "आणि तुला तर विचारलंच नाही."

"मला कामावरून आल्यावर एक तास कुणीही काहीही विचारू नका," ती म्हणाली. "बाकी चालवून घेईन."

शिट्टी औषधवाल्याकडे गेली आणि तिचं भलं झालं. दुकानात दिवसभर माणसं येतात, प्रत्येकाला काहीतरी होत असतं, आणि ती काउंटरवर बसून प्रत्येकाचं ऐकून घेते आणि आपलंही सांगते. खोकल्याच्या औषधापेक्षा तिलाच बघायला जास्त लोक येतात, असं औषधवाला म्हणतो.

वाचाउपचारवाली ताई थोडी नाराज झाली, पण आठवडाभरच. तिनं चित्रांचे पत्ते बाजूला ठेवले आणि मास्तरांना न आवडणाऱ्या गोष्टींची यादी करायला घेतली. यादी लांब निघाली. टीव्हीवरच्या मालिका त्यांना नऊ महिने असह्य होत होत्या. खुर्ची खिडकीकडे तोंड करून हवी होती. मऊ भाताचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता. रोज एकेक "नको" बाहेर येत गेला, आणि घरातलं काम कमी न होता वाढलं, कारण ज्या माणसाला नाही म्हणता येतं त्याच्यामागे वेळ जास्त जातो.

सात नंबरनं सोमवारी खुलासा लिहून दिला. त्यात एकच ओळ होती: थकल्यामुळे फोन बंद केला. पर्यवेक्षकांनी तो वाचला, कपाळाला आठी घातली आणि फाईलला लावला. पुढं काही झालं नाही. तिच्या कानात लोक पूर्वीसारखेच बोलत राहिले. एक तासाचा नियम घरानं पाळला. कधी अर्ध्या तासावर मोडला जायचा, पण पाळला.

अडीच-तीन महिन्यांनी एका सुट्टीच्या दुपारी मास्तर आंघोळीला नको म्हणाले. तिनं पाणी तापवलं होतं, टॉवेल काढला होता, स्टूल मोरीत ठेवलं होतं. नवरा आणि बिट्टी बाहेर गेले होते. तिनं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला. मास्तरांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "मग राहू द्या," ती म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत पडली. उशी आली, चढली आणि सगळा भार टाकून पसरली. मोरीतलं पाणी निवत होतं. तिला ते ठाऊक होतं आणि उठवत नव्हतं.

अर्धा तास गेला असेल. आतून काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग थोडी शांतता, आणि मग मास्तरांचा घोगरा आवाज, एकच अक्षर, पण लांबवलेलं.

"ये."

हा शब्द आजवर आला नव्हता. सुनेला म्हणाले की मांजरीला, ते सांगता येण्यासारखं नव्हतं. उशीनं एक कान हलवला आणि डोळे पुन्हा मिटले.

ती जराशी थांबली. मग उशीला अलगद उचलून खुर्चीत ठेवलं, गुडघ्यांवर हात टेकून उठली, आणि पाणी पुन्हा तापवायला गेली.